झापाआडचा हात

“पाणी देताना तोंड दाखवायचं नाय, गोदा. आणि घेणाऱ्याचंही बघायचं नाय. हात दिसले की पन्हळीत ओतायचं, ओंजळ हलली की थांबायचं. मधी आपण कोणी नाय.”

आवडाबाई हे सांगून गेल्या त्याला आठ महिने होऊन गेले होते. भादव्यात गेल्या. पण पहाटे तुळशीला पाणी घालताना गोदाला सासूचा आवाज अजून तसाच ऐकू यायचा, थोडा बसका, थोडा रागावल्यासारखा. गोदा जपाच्या अकरा माळा ओढून होईपर्यंत कोणाशी बोलत नसे. दारात कोणी आलंच तर मानेने बस म्हणायची. वाडीला हे ठाऊक होतं. तिच्या ओट्यावर येणारी माणसं माळ संपेपर्यंत मुकाट्याने सुपारी कातरत बसत.

सासूच्या व्रताची गोष्ट अशी. भाट्याच्या खाडीकडून रत्नागिरी शहरात यायला तेव्हा गाडीरस्ता होताच, पण डोक्यावर पाटी घेतलेल्या मासेवाल्या बायका अजून जुन्या पाखाडीनेच वर चढत. जांभ्या दगडाच्या एकशे नव्वद पायऱ्या. ऊन डोक्यावर आलं की चिरा असा तापायचा की अनवाणी पाय ठेववत नसे. पाखाडी जिथे संपते तिथे गोदाच्या घरचं रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड होतं. अक्षय्यतृतीयेपासून वैशाखी अमावास्येपर्यंत रोज भर दुपारी आवडाबाई त्या झाडाखाली आगळाचं सरबत देत. रातांब्याच्या रसात मीठ घालून मुरवलेलं आगळ, त्यात गूळ, भरडलेलं जिरं आणि मडक्यातलं पाणी. पण त्या समोर बसत नसत. माडाच्या झावळ्यांचा विणलेला झाप उभा करायच्या आणि त्याच्या आड बसायच्या. झापाच्या भोकातून पोफळीची पन्हळ बाहेर काढलेली. बाहेरच्याने ओंजळ धरायची, आतल्याने ओतायचं.

लोक म्हणत, म्हातारी शिवाशिव पाळते. आवडाबाई हसत. “शिवाशिव पाळायची असती तर माझ्या घरचा गूळ त्यांच्या पोटात कशाला घातला असता? अगो, समोर बसलं की पिणाऱ्याला मान वाकवावी लागते. उद्या बाजारात भेटली की ती पापलेटाला दोन आणे कमी सांगणार. मग मी दान दिलं की गिऱ्हाईक केलं?”

शेवटच्या आजारात त्यांनी गोदाचा हात आपल्या हातात धरला आणि एवढंच मागितलं, की खंड पडता नये, एक वर्षही नाही. गोदाने हातावर हात ठेवला. नवरा गंगाराम आणि मुलगा दोघेही मुंबईला छापखान्यात. ते शिमग्याला आणि गणपतीला येणार. तेव्हा हा शब्द गोदाचा एकटीचा होता.

आता कंपनीची गोष्ट.

आवडाबाईंच्या शेवटच्या वैशाखात एक मोटार पाखाडीच्या माथ्यावर तापून बंद पडली. तीतून एक तरणा गृहस्थ उतरला. केस मानेवर रुळणारे, कानात बाळी, पायात फाटकी जीन. फाटकी असली तरी कपडा भारी होता. त्याने लागोपाठ सहा ओंजळी सरबत प्यायलं आणि मग, कधी कोणी केलं नव्हतं ते केलं. झापावरून डोकावून पाहिलं.

“कोण आहे आत? काय आहे हे?”

“तहान भागली का?” आवडाबाईंनी विचारलं.

“हो.”

“मग वाटेला लागा.”

तो वाटेला लागला खरा, पण दिवाळीनंतर परत आला. त्याचं नाव रॉनीसाहेब. आवडाबाई गेल्याचं ऐकून त्याला खरंच वाईट वाटलं. त्याला डोळे पुसताना गोदाने पाहिलं. म्हणून तर पुढे काही झालं तरी तिला त्याचा राग धरता आला नाही. तो गोदाच्या ओट्यावर मांडी घालून बसला, फणसाचे तळलेले गरे खाल्ले आणि म्हणाला, “मावशी, मला कंपनी नको आहे. कंपन्यांचा मला वीट आलाय. टाय, फाइल, साहेब, शिपाई. आपण टोळी काढू. तुम्ही, मी, या सगळ्या मावश्या. तुमचं सरबत बाटलीत घालू आणि त्या परदेशी काळ्या पाण्याची जिरवू.”

टोळी म्हटल्यावर शेजारची हौसा पदर तोंडावर धरून हसली. “चाळिशी गेल्यावर दरोडेखोर झालो गो आपण.”

सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळमाळावरच्या, बंद पडलेल्या भातगिरणीला हिरवा रंग लागला. पेयाचं नाव ठरलं ‘बेधडक’. वाडीत दहा घरं. त्यांपैकी दहावं घर कुलूप लावून मुंबईला गेलेलं. उरलेल्या नऊ घरांतल्या नऊ बायका कामाला लागल्या. हौसाच्या हातात जन्मात पहिल्यांदा स्वतःची मिळकत आली, तेव्हा तिने पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला न विचारता एक स्टोव्ह आणला आणि तो चूल असतानाही मुद्दाम ओट्यावर पेटवून दाखवला. गोदाचं काम चवीचं. प्रत्येक पिंपातलं चमचाभर सरबत जिभेवर ठेवायचं आणि ‘हं’ किंवा ‘नाय’ म्हणायचं. तिच्या ‘नाय’वर अख्खं पिंप ओतून दिलेलं तिने पाहिलं होतं. कोणी तिच्या शब्दाला एवढं वजन आजवर दिलं नव्हतं.

रत्नागिरीचं काम पाहायला मुंबईहून उदय शिरगावकर नावाचा मुलगा आला. मुलगाच, सव्वीस वर्षांचा. आडनाव इथलं, पण शिरगाव त्याने बघितलं नव्हतं. छातीवर उगारलेली मूठ आणि मुठीत बाटली असा कंपनीचा हिरवा टीशर्ट तो इस्त्री करून घालायचा, खाली काळी पँट आणि पॉलिश केलेले बूट. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना उभं करून सांगितलं, “मला साहेब म्हणायचं नाही. आपल्याकडे कोणी साहेब नाही. नुसतं उदय म्हणा. तसा मुंबईहून आदेश आहे.”

“बरं, उदयसायब,” हौसा म्हणाली.

आणि मग कागद आला. टोळी असली तरी कागद आलाच. गोदाने तो पोथी वाचावी तसा ओळीवर बोट ठेवून वाचला. ‘लिहून देणार यांनी अथवा त्यांच्या कुटुंबातील कोणीही व्यक्तीने कंपनीखेरीज अन्यत्र कोकमाचे पेय तयार करू नये, विकू नये अथवा वाटू नये. कोणा एकीकडून कसूर झाल्यास नवांचेही काम बंद करण्यात येईल.’ तिने ‘वाटू नये’वर बोट ठेवून उदयकडे पाहिलं.

“ते आपलं लिहायचं म्हणून, मावशी,” तो म्हणाला. “वकील लिहितात. सगळ्याच कागदांत असतं.”

गोदाने सही केली. इथे तिची चूक झाली. लिहायचं म्हणून लिहिलेलंही काही असतं, हे तिला माहीत नव्हतं. आणि सही केल्यानंतर तिच्या दृष्टीने तो कागद राहिला नाही, दिलेला शब्द झाला. आता असे दोन शब्द तिच्या पदरी होते आणि वैशाख जवळ येत होता.

चैत्रात मुंबईहून एक लांब नळकांडं आलं. आत मोठमोठी चित्रं. केस उडवत मोटारसायकलवर उभा राहिलेला पोरगा, मुठीत बाटली, आणि खाली लाल अक्षरांत, ‘मनात आलं? करून टाक. बेधडक.’ सोबत चिठ्ठी होती, ‘दर्शनी भागावर लावावे.’

फाटकावरचा राखणदार भागोजी पंचवीस वर्षं बंदरखात्यात होता. सरकारी चिठ्ठी कशी पाळायची हे त्याला शिकवायला नको होतं. गिरणीत शिरताच पहिल्यांदा दिसतो तो एकच दर्शनी भाग. तिथे कामाच्या वेळांचा फळा होता. सकाळी आठ, दुपारी अर्धा तास जेवण, संध्याकाळी पाच. भागोजीने खळ लावून चित्र बरोबर त्या फळ्यावर चिकटवलं. शिवाय मोठ्या मनाने स्वतःच्या टेबलावरची हजेरीवहीसुद्धा कपाटात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता गोदा एकटीच हजर. बाकीच्या आपापल्या सोयीने आल्या. एकीने आधी शेतातली भाजावळ उरकली, एक माहेरी नाटे गावाला जाऊन थेट तिसऱ्या दिवशी आली, सोबत सुक्या बांगड्यांची गाठोडी घेऊन. हौसा अकराला उगवली.

“हौसाताई, किती वाजले?” उदय कळवळून म्हणाला.

“तुमीच लिवलाव ना तिथे. मनात आलं, करून टाकलं. सकाळी मनात आलं की घावणे करू. केले. तुमच्यासाठी पण आणलेत, खावा.”

उदयने घावणे खाल्ले आणि तोंडाला नारळाचं दूध लागलेलं असतानाच मुंबईला पत्र लिहिलं, काय करावे. तो मुलगा केरसुणी घ्यायची तरी मुंबईला विचारायचा. आठव्या दिवशी उत्तर आलं. त्याने ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, आणि वाचताना त्याचे कान लाल होत गेले. ‘फलकावरील मजकूर ग्राहकांसाठी असून तो कर्मचाऱ्यांस लागू नाही, याची सर्वांनी नोंद घ्यावी. हजेरी पूर्ववत आठ वाजता. कामाच्या वेळेत फाटकाबाहेर जाणाऱ्यास पास आवश्यक.’



“म्हणजे बंड विकायचा हाय,” भागोजी समजुतीने म्हणाला, “घरात वापरायचा नाय. ह्यात काय, आमच्या बंदरावर पण तसाच होता. आंबे सगळे बोटीत, आमाला पेंढा.”

सगळे हसले. उदयही हसला, पण थोडा उशिराने.

त्या हशात गोदा नव्हती. ती कपाटामागे उभी राहून बोटांवर दिवस मोजत होती. अक्षय्यतृतीयेला सोळा दिवस उरले होते.

जेवणाच्या सुट्टीत ती उदयच्या टेबलाशी गेली. तिचा आवाज मुळातच इतका हळू, की समोरच्याला पुढे वाकावं लागे.

“उदयसायब, मला एक विचारायचं हाय. आमची पाणपोई असते.”

तिने सगळं सांगितलं. उदय ऐकताना आधी हसला, मग त्याने हातातलं पेन खाली ठेवलं.

“अहो, हे काय विचारायचं? खुशाल करा. रॉनी स्वतः तिथलंच पाणी प्यायलाय. त्याच्यावरूनच तर कंपनी निघाली.”

“कागदात ‘वाटू नये’ हाय.”

“ते आपलं…” तो म्हणता म्हणता थांबला. मागच्या पत्राची घडी अजून त्याच्या खिशात होती. “मी मुंबईला विचारतो.”

मुंबईहून या वेळी पत्र नाही, ट्रंककॉल आला. उदय उभ्यानेच बोलला. फोन ठेवून आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता. “मावशी, परवानगी मिळाली. नुसती परवानगी नाही, कंपनीच पाणपोई काढणार. ‘बेधडक पाणपोई’. वर मोठा फलक, बाटल्या, कागदी पेले. तुम्ही हिरवा टीशर्ट घालून समोर बसायचं. फोटोवाला येणार. तो झाप मात्र काढायचा, कारण माणूस दिसलं पाहिजे.”

गोदा बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

“नको,” ती म्हणाली.

“का? फुकटच द्यायचं आहे.”

“नाव लावलं की ते दुकान झालं, सायब. मग पैसे घ्या नायतर नका घेऊ.”

“मग तुमच्या पद्धतीने करायला परवानगी नाही,” तो म्हणाला. आणि लगेच, कोणी ऐकत नाही ना हे पाहून, “सॉरी, मावशी.”

ती घरी आली. दिवा लावला, तांदूळ निवडायला घेतले. हौसा आली ती स्टोव्हची पिन मागायला, पण गोदाचं तोंड पाहून बसली.

“गुपचूप कर ना. झापाआड कोण बघतंय? त्यासाठीच तर देवाने तो झाप दिलाय तुला.”

“चोरून केलेलं व्रत नसतं.”

“मग कागद दे भिरकावून त्यांच्या तोंडावर.”

गोदाने तिच्याकडे पाहिलं. हौसाचा नवा स्टोव्ह पलीकडच्या ओट्यावर अडखळत सूं सूं करत होता. तिच्या पोरीने आठ दिवसांपूर्वी शाळेसाठी नवी छत्री आणली होती, पावसाळा लांब असताना, आणि ती रोज उघडून उन्हात हिंडत होती.

“एकीकडून कसूर झाली तर नवांचं जातं, हौसा.”

हौसा पिन न घेताच गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. उदय फलकाच्या जागेचं माप घ्यायला पाखाडीच्या माथ्यावर आला. गोदाने नाही म्हटलं होतं, तरी मुंबईला माप हवं होतं. गोदा झाडाखाली पाचोळा झाडत होती. माप घेऊन झाल्यावर तो तिथेच रेंगाळला.

“झाप कसा लावायचात?”

तिने पडवीतून झाप आणला, उभा केला. पन्हळ भोकातून सारली. “बसा आत,” म्हणाली, “बाहेरनं नाय कळणार.”

तो इस्त्रीच्या कपड्यांनी खाली दगडावर बसला. गोदा बाहेर उभी राहिली. तेवढ्यात पाखाडीवरून मैना चढून आली, भाट्याची मासेवाली, घामाने निथळलेली. पाटी उतरून ती कोणाकडे न बघता थेट पन्हळीखाली ओंजळ धरून उभी राहिली. तिला वाटलं, पाणपोई सुरू झाली. आतून काहीच येईना.

“मडक्यात पाणी हाय, सायब. ओता,” गोदा हळूच म्हणाली.

झापाआड मडकं हललं. पन्हळीतून पाणी आलं, आधी खूप, मग थोडं, मग नीट. मैना प्यायली, तोंडावर हात फिरवला, म्हणाली, “आवडाकाकी, अजून हाईस ना गो,” आणि पाटी उचलून चालू लागली. ती सासूच्या मर्तिकाला स्वतः आली होती. पण दरवर्षी ती हेच म्हणायची, आणि या वर्षीही म्हणाली.

उदय लगेच बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याच्या काळ्या पँटवर लाल माती होती आणि ती त्याने झटकली नाही.

“मला फक्त हात दिसले,” तो म्हणाला. “बोटं चिरलेली. कोळंबी सोलून होतात ना तशी.”

“हं.”

“मावशी, तुम्ही आगळ कधी घातलंत?”

“मी नाय घातलं. सासूबाईंच्या हातची शेवटची बरणी हाय. गेल्या वर्षाची. ती याच कामाला ठेवलीय.”

तो हिशेब केल्यासारखा पुटपुटला. “म्हणजे तुम्ही तयार केलेलं नाही. आणि कुटुंबातलं कोणी द्यायचं नाही…” मग एकदम म्हणाला, “मी दिलं तर?”

गोदाने झाडू थांबवला.

“मीही कागदावर सही केलीय. तुमचा एक पानाचा, माझा अकरा पानांचा. काल परत वाचला. कंपनीचं गुपित सांगायचं नाही, दुसरीकडे नोकरी करायची नाही, कामाच्या वेळेत जागा सोडायची नाही, केस कापायचे नाहीत असंसुद्धा आहे. पण पाखाडीवर बसून सरबत द्यायचं नाही, असं कुठे नाही. त्यांच्या डोक्यातच आलं नसेल.”

“पण जागा सोडायची नाय असं हाय ना.”

“ते आहे.”

गोदाने पुष्कळ विचार केला. आवडाबाईंनी हात हातात घेऊन जे मागितलं, त्यात ‘तूच ओत’ असं नव्हतं. खंड पडता नये, एवढंच होतं. आणि मधी आपण कोणी नाय. हे शब्द तिने हजारदा ऐकले होते. ते आपल्यालाही लागू आहेत, हे मात्र आज पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं.

“रोज दुपारी. अमावास्येपर्यंत,” ती म्हणाली. “सुट्टी अर्ध्या तासाची असते. त्यात होईल. पण पहिल्या दिवशी चुकलं तर पुढलं सगळं फुकट.”

“मी शब्द देतो.”

“नीट विचार करा. तुमी केरसुणीला मुंबईला विचारता.”

तो ओशाळला. “ही नोकरी घेतानाही आईला विचारलं होतं.”

“त्यात वाईट काय? आईला विचारावंच.” मग तिने त्याला कृती सांगितली. मडक्याला वाटीभर आगळ, चार मुठी गूळ, चिमूट जिरं. तो खिशातून वही काढू लागला. तिने हात केला. “लिहू नका. जिभेवर घेऊन बघायचं. चुकलं तर जीभ सांगते.”

अक्षय्यतृतीया आली. ‘बेधडक’ची पहिली गाडी त्याच दिवशी निघणार होती. रॉनीसाहेबांच्या मातोश्रींनी गुरुजींकडून मुहूर्त काढून घेतला होता, दुपारी बारा वाजून सात मिनिटं. त्यामुळे त्या दिवशी जेवणाची सुट्टी रद्द. भागोजीने फाटकाला आंब्याचं तोरण बांधलं आणि आतल्या मोटारसायकलवाल्याच्या चित्रालाही, सणाचा दिवस म्हणून, झेंडूची माळ घातली. नऊ बायकांना हिरवे टीशर्ट मिळाले होते. लुगड्यावर ते कसे घालायचे हे कोणाला कळेना. हौसाने आपला डोक्याला बांधला. गोदाने घडी करून खांद्यावर ठेवला.

पहाटे तिने अकरा माळा ओढल्या होत्या. झाडाखाली झाप उभा केला होता. पाण्याने भरलेलं मडकं, आगळाची बरणी, गुळाची ढेप, जिऱ्याची पुडी सगळं मांडून वर स्वच्छ फडकं घातलं होतं. बरणीचं झाकण तिने उघडलं नव्हतं. पुढचं तिच्या हातातलं नव्हतं.

साडेअकराला रॉनीसाहेब आले. त्यांनी सगळ्यांना मिठ्या मारल्या, भागोजीलासुद्धा, आणि जमिनीवर बसून बोलायला लागले. बोलायचे छान. आपण कोणाला भीत नाही, आपल्याला वेळेचं बंधन नाही, आपण साखळ्या तोडणारी माणसं. बायका कौतुकाने ऐकत होत्या. मागे मुंबईचे दोन गृहस्थ घड्याळ बघत उभे होते. बारा सात चुकून चालणार नव्हतं.

उदय रॉनीसाहेबांच्या उजव्या हाताला हातात नारळ घेऊन उभा होता. नारळ त्यानेच फोडायचा, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं. गोदा खिडकीशी होती. खिडकीतून सडा दिसत होता, उन्हाने पांढरा पडलेला, आणि सड्याच्या कडेला पाखाडीवरून वर येणारी पहिली पाटी. मग दुसरी. बारा वाजत आले होते. उदय जागचा हलला नव्हता.

गोदाने डोळे मिटले. सासूबाईंची क्षमा मागायची, का या पोराला मनातल्या मनात सोडवायचं, हे तिला ठरवता येईना. आईला विचारून नोकरी घेणारं पोर. त्याच्याकडून आपण शब्द घेतला, हीच चूक. जाऊ दे बाबा, ती मनात म्हणाली. तुझ्यावर बोल नाही.

डोळे उघडले तेव्हा नारळ हौसाच्या हातात होता. हिरवा टीशर्ट डोक्याला बांधलेली हौसा रॉनीसाहेबांच्या उजव्या हाताला, जन्मभर तिथेच उभी असल्यासारखी, नारळ छातीशी धरून उभी होती. गोदाकडे बघून तिने एक डोळा बारीक केला.

उदय फाटकाशी पोचला होता.

“सायब,” भागोजी म्हणाला, “पास?”

तो विनोद नव्हता. भागोजीला विनोद करता यायचा, पण कामावर असताना तो करत नसे. उदयने पासाचं पुस्तक उघडलं. बाहेर जाणाऱ्याचं नाव, उदय शिरगावकर. पास देणाऱ्याचं नाव, उदय शिरगावकर. तिसरी ओळ कारणाची होती. तिथे त्याचं पेन थांबलं. आतून टाळ्यांचा आवाज आला. रॉनीसाहेब साखळ्यांपाशी पोचले होते.

उदयने पेनाला टोपण लावलं. ओळ कोरीच राहिली. भागोजीने पुस्तक हातात घेतलं, कोऱ्या ओळीकडे पाहिलं, उदयच्या बुटांकडे पाहिलं, आणि पान फाडून त्याच्या हातात दिलं. मग फाटक उघडलं. फाटक कुरकुरू नये म्हणून त्याने ते किंचित वर उचलून धरलं होतं.

बाहेर चार पावलांवर उदय थांबला. इकडेतिकडे पाहून त्याने अंगातला टीशर्ट काढला, उलटा केला, आणि पुन्हा घातला. उगारलेली मूठ आत गेली. आता तो नुसता एक हिरवा, शिवणी दिसणारा कपडा होता, कोणाचाही असावा तसा.

सड्यावर ऊन रणरणत होतं. बूट हातात घेऊन, त्या पाटीवाल्या बायकांसारखाच अनवाणी, पाय भाजत असल्याने भराभर, तो रातांब्याच्या झाडाकडे चालू लागला.